तेजपालसाठी उभी राहिलेली मंडळी

माझ्या मुलाच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची की नाही, एवढाच प्रश्न होता. ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय प्रश्न झाला? कागद फाड, दोन ओळी लिही, टाक. पण ती चिठ्ठी वाचणारा मीच, आणि ऐकणारी सगळी मंडळी मला अर्ध्या आयुष्यापासून ओळखणारी.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रवचनाआधी चिठ्ठ्या वाचतात. दारापाशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्याने कागदावर नाव नि अडचण लिहून आत टाकायची. गेली एकोणीस वर्षं मीच पुढे जाऊन एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतो. जे त्या विनंतीत सामील आहेत ते आपापल्या बाकावर उभे राहतात, आणि पाळकसाहेब प्रार्थना करतात. उत्तर मिळेपर्यंत चिठ्ठी पेटीत राहते, दर रविवारी पुन्हा वाचली जाते. नियम तीनच. लिहिलंय तसं वाचायचं, एकही चिठ्ठी गाळायची नाही, आणि ज्याने टाकली त्याच्याशिवाय कुणी ती काढायची नाही. माझ्या आधीच्या वाचकाने मला पेटीची किल्ली दिली तेव्हा हे तिन्ही नियम दोनदा म्हणून घेतले होते.

कुणासाठी किती जण उभे राहिले ते प्रत्येकजण मान न वळवता बरोबर टिपतो. कुणी तसं कबूल करणार नाही, पण बाहेर चहा घेताना सगळ्यांना ठाऊक असतं.

मी देवराम. बुऱ्हाणपूर स्टेशनात पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली. दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या पावत्या फाडता फाडता केस पांढरे झाले. बायको अलका जाऊन आठ वर्षं झाली. आता घरात मी आणि टीव्ही. चर्चची माणसं सोडली तर आठवड्याभरात माझ्याशी बोलणारे लोक म्हणजे दूधवाला, कोपऱ्यावरचा न्हावी आणि कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुली. त्या मुलींशीही मी जरा लांबवून बोलतो, लपवत नाही.

मुलगा अमोल इंदूरला बँकेत आहे. नाताळला आमचा फोन होतो. "हॅपी ख्रिसमस, पप्पा." "तुलाबी." तब्येत, हवा, ठेवतो. तीन वर्षं एवढंच.

त्या मंगळवारी मला एक मेसेज आला. नंबर अनोळखी. "अंकल, अमोल के गले में गाँठ है. अगले बुधवार को ऑपरेशन है, निकालकर जाँच को भेजेंगे. उसने आपको बताने से मना किया है. भूपेंद्र." मी तो मेसेज किती वेळा वाचला देव जाणे. उत्तर म्हणून मी लिहिलं, "ठीक है." एवढी वर्षं पावत्या लिहून माणसाचा हात असाच आखडतो.

भूपेंद्र कोण, ते सांगावं लागेल. त्याआधी तेजपालचं सांगतो, कारण मंडळीत सगळं तेजपालमुळे उघडं पडलं.

तेजपाल म्हणजे रोज संध्याकाळी आठला लागणाऱ्या हिंदी मालिकेतला वकील. गरिबांच्या केसेस फुकट लढतो, आईचे पाय चेपतो, आवाज चढवत नाही. आमच्या मंडळीतल्या बायका त्याला "आपला वकील" म्हणतात. त्या मेसेजच्या दीड महिना आधी मालिकेत त्याच्या गाडीला ट्रकने उडवलं. त्या रविवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली. "तेजपाल. गाडीचा अपघात. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही. आई एकटी आहे." अक्षर इतवाऱ्यातल्या धुरपदाबाईंचं. त्यांचा 'श' मी अंधारातही ओळखीन.

तेजपाल कोण ते मला पक्कं माहीत होतं, कारण आठ वाजता माझं ताटही त्याच्यासमोरच असतं. पण लिहिलंय तसं वाचायचं. वाचलं. आणि सांगतो, अख्खी मंडळी उभी राहिली. बायका तर राहिल्याच, डोईफोडियाहून मोटरसायकलवर येणारे आमच्या चर्च कमिटीतले कौतिकराव, जे स्वतःला टीव्हीचे शत्रू म्हणवतात, तेसुद्धा उभे.

बसले होते फक्त आमचे पाळकसाहेब प्रभाकर, तेही प्रार्थनेला उठायच्या आधी. बिचारे तीनच आठवड्यांपूर्वी नगरकडून बदलून आले होते. घरी टीव्ही नाही. त्यांना वाटलं, एवढी मंडळी उभी राहते म्हणजे कुणीतरी मोठा लाडका माणूस असणार. त्यांनी तेजपालचं नाव घेऊन घेऊन फार कळवळून प्रार्थना केली. उपासना संपल्यावर माझा हात धरून म्हणाले, "देवरामकाका, हे तेजपालभाऊ कुठल्या दवाखान्यात आहेत? मी भेटून येतो."

"मुंबईला आहे तो," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

कुणीच त्यांना खरं सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून, मग लाज वाटून, मग फार उशीर झाला म्हणून. सहा रविवार मी ती चिठ्ठी वाचली, सहा रविवार सगळे उभे राहिले, आणि पाळकसाहेबांनी मधे दोन दिवस त्याच्यासाठी उपास केला. मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. नसलेल्या माणसासाठी चाळीस जण उभे.

मेसेज आल्यावर मंगळवार, बुधवार मी कागद घेऊन बसलो नि उठलो. आणि गुरुवारी तेजपालला शुद्ध आली. आई उशाशी. ती एका मुलीचा फोटो दाखवते, आता लग्न कर म्हणते. तो म्हणतो, माँ, माझ्या आयुष्यात कुणीतरी आहे, आणि तो मुलगी नाही. त्याच्या आईचा हात त्याच्या कपाळावर होता. मी त्या हाताकडेच बघत होतो. मला वाटलं, आता उचलेल. तिने उचलला नाही. तिथेच एपिसोड संपला आणि साबणाची जाहिरात लागली. माझा घास तोंडातच राहिला होता.

मला रडू आलं ते तेजपालसाठी नव्हे.

तीन वर्षांपूर्वी अमोल याच खोलीत, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला होता. "पप्पा, मी लग्न नाही करणार. मला मुली नाही, मुलं आवडतात. भूपेंद्र म्हणून आहे एक. आम्ही सोबत राहतो." चार वाक्यांत सांगून टाकलं, घरून पाठ करून आल्यासारखं. त्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? "मंडळीत कोणाला माहीत आहे का?" बाप म्हणून माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. तो उठला, बॅग भरली आणि संध्याकाळच्या बसने गेला.

पुढच्या रविवारी मी पेटीत चिठ्ठी टाकली. "एक तरुण. वाईटाच्या बंधनात सापडला आहे. सुटका व्हावी." नाव नाही, गाव नाही. वाचली. बरेच जण उभे राहिले. माझी छाती भरून आली. घरी येऊन मी अमोलला फोन केला, मोठ्या खुशीत सांगितलं की अख्खी मंडळी तुझ्यासाठी उभी होती.

"माझं नाव घेतलं?" त्याने विचारलं.

"नाव कसं घेणार, वेडा आहेस का?"

"मग ते कोणासाठी उभे होते, पप्पा?"

ती चिठ्ठी मी दुसऱ्याच दिवशी पेटीतून काढून टाकली. तेव्हापासून आमचा नाताळचा फोन.

गुरुवारी त्या आईचा हात बघून मी ठरवलं, या रविवारी नाव घालून लिहायचं. तेजपालवर एवढा जीव लावणारी माणसं, अमोलला तर त्यांनी मांडीवर खेळवलंय. शुक्रवारची घरसभा धुरपदाबाईंकडेच होती. मी वाटेत पावशेर मावा जिलेबी घेतली. इतका मी भोळा.

दारातच आवाज आला. "सहा हप्ते आमी त्याच्यासाठी उभं राह्यलो, आन् हे असं निघालं!" धुरपदाबाई लाल झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, ते तेजपालची चिठ्ठी काढून मले वापस द्या. नाही पाहिजे मले आता. देवाले म्हणा, जे मागतलं ते मागतलंच नाही."

"तो बरा झाला की पण," मी म्हटलं.

"तेच तं! आपल्या प्रार्थनेनंच शुद्धीवर आला ना. नसता आला तं हे ऐकावं लागलं नसतं."

बायका माना डोलवत होत्या. आठ वाजता टीव्ही बंद ठेवून स्तोत्र म्हणायचं, असं ठरत होतं. मला वाटतं त्यातल्या दोघीतिघींचे डोळे रडून सुजले होते, पण त्याही डोलवत होत्या. कौतिकराव भिंतीला टेकून म्हणाले, "मागं एका फॉरेनच्या भजनवाल्याचं असंच निघालं होतं. मी त्याच्या सगळ्या सीड्या तापीत टाकल्या. पंधरा वर्षं ऐकत होतो. आपल्या घरात असा कोणी निघाला ना, तं मी त्याचं नावच घेणार नाही."

पाळकसाहेब एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तेजपालभाऊंचं काय झालं?"

आता सांगावंच लागलं. मीच सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे असा माणूसच नाही?" खोलीत सगळे जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ते चिडतील, आणि चिडायलाच हवं होतं. पण ते हळूहळू सैल झाले, आणि एक मोठा श्वास सोडून म्हणाले, "चला, बरं झालं. आपल्यातला खरा कुणी तसा निघाला नाही."

सगळे हसले. खोली एकदम मोकळी झाली, चहा आला, माझी जिलेबी बशीत वाटली गेली. मीही हसलो. हसताना मला माझी इतकी किळस आली की काय सांगू. मी तोंडात घोट धरून बसलो होतो आणि माझ्या मुलाच्या गळ्यात गाठ होती.

घरी येताना मी राजपुऱ्याकडून लांबच्या रस्त्याने आलो. मनात हिशेब एकच. या चाळीस माणसांशिवाय मला कुणी नाही. मी मेलो तर खांदा देणारे हेच. ताप आला तर डबा पाठवणाऱ्या धुरपदाबाईच. चिठ्ठी नाही टाकली तर हे सगळं राहील, अमोलला कळणारही नाही. बुधवारी ऑपरेशन होईल, नाताळला फोन होईल. झाला तर. तो 'झाला तर' मनात आला आणि मी रस्त्यातच थांबलो. मागून रिक्षावाला शिव्या घालून गेला.

शनिवारी सकाळी लिहिलं. बाकी सोपं होतं, पण ते दोघं एकमेकांचे कोण, हे कसं लिहावं सुचेना. जो शब्द मनात यायचा तो शिवीसारखा तरी वाटायचा नाहीतर कोर्टातल्या कागदासारखा. शेवटी ज्या शब्दांत मंडळीला समजेल त्याच शब्दांत लिहिलं. "अमोल. माझा मुलगा. गळ्यात गाठ, बुधवारी इंदूरला ऑपरेशन. सोबत भूपेंद्र आहे, त्यालाही धीर मिळावा. तेजपालचं जे आहे तेच या दोघांचं आहे. गाठ साधी निघावी." घडी घालून पेटीत टाकली. म्हणजे आता नियमाने वाचक म्हणून मला ती गाळता येणार नव्हती.

तेजपालची चिठ्ठी धुरपदाबाईंना परत दिली होती, तरी रविवारी पाच चिठ्ठ्या होत्या. पहिली परीक्षेची. दुसरी कुणाच्या गुडघ्याची. तिसरी नेपानगरच्या एका पोराच्या नोकरीची. लोक उठत होते, बसत होते, बाकं करकरत होती. चौथी माझी.

वाचताना माझा आवाज नीट लागला. एकतीस वर्षं लाउडस्पीकरशिवाय हमालांना हाका मारल्यात, तेवढा दम आहे अजून. 'माझा मुलगा' म्हटल्यावर पुढच्या बाकावरच्या चारपाच जणी उठायला लागल्या. धुरपदाबाई अर्ध्या उठल्याही होत्या. मग तेजपालचं वाक्य आलं. त्या तशाच थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच खाली बसल्या. बाकीच्याही बसल्या. पंखा फिरत होता. कौतिकराव खिडकीतून बाहेर बघत होते.

कुणीच उभं नव्हतं. असं मी एकोणीस वर्षांत बघितलं नव्हतं. कुणाच्या बकरीसाठीही चारजण तरी उठतात आमच्यात.

पाळकसाहेब डोळे मिटू की नको अशा बेतात. त्यांना वाटलं असेल, मी पुढची चिठ्ठी घेईन म्हणजे सुटका. मी कागद घडी करून ठेवला. पुढून निघालो, मधल्या वाटेने मागे आलो, आणि तिसऱ्या बाकावर माझ्या जागेवर बसलो. एकोणीस वर्षांत चिठ्ठ्यांच्या मधे मी कधी बसलो नाही. मग पुढच्या बाकाला हात टेकून उभा राहिलो. मला वाटत होतं, शेजारचा एखादा तरी उठेल. मला तसं फार वाटत होतं, ते कबूल करतो.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. "हे प्रभू, सर्व आजाऱ्यांवर दया कर." नाव नाही घेतलं. आमेन म्हणून झाल्यावर मी पुन्हा पुढे गेलो आणि पाचवी चिठ्ठी वाचली. धुरपदाबाईंच्या सुनेच्या बाळंतपणाची होती. सगळे उभे राहिले.

बाहेर चहाला मी गेलो तसा घोळका सरकला, पण मला जागा द्यायला नव्हे. कौतिकरावांनी मोटरसायकलला किक मारली, नेहमी म्हणतात तसं "येतो देवराम" म्हटलं नाही. धुरपदाबाई तेवढ्या आल्या. "भाऊ, तुमी मले आधी सांगतलं पाहिजे होतं."

"काय केलं असतं बाई तुम्ही?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. खोटं उत्तर मात्र दिलं नाही त्यांनी. थोड्या वेळाने तशाच निघून गेल्या.

मग पाळकसाहेब. सज्जन माणूस, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. खाली बघून म्हणाले, "काका, काही दिवस विश्रांती घ्या. वाचायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. किल्ली माझ्याकडे ठेवता का?"

मी किल्ली दिली. "साहेब, चिठ्ठी मात्र काढायची नाही. ज्याने टाकली त्यानेच काढायची, असा नियम आहे. आणि मी काढणार नाही."

"बघू आपण," ते म्हणाले.

घरी येऊन मी टोपीसुद्धा काढली नाही. फोन लावला. नाताळ नव्हता, त्यामुळे बराच वेळ वाजला.

"पप्पा? काय झालं? सब ठीक?"

"बुधवारी आहे ना तुझं."

"भूपेंद्रने सांगितलं ना. मी मना केलं होतं त्याला."

"त्याले रागावू नको. आज चिठ्ठी वाचली."

"अच्छा." आवाज एकदम कोरडा झाला. "कोण्या तरुणाची?"

"अमोलची. नावानं. भूपेंद्रची बी. तुमचं सगळं लिहून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी दुरून "कौन है?" म्हणून विचारलं. "पप्पा है," अमोल त्याला म्हणाला. मग मला विचारलं, "किती जण उभे राहिले?"

खोटं बोलणं सोपं होतं. दहा म्हटलं असतं तरी तो काही बघायला येणार नव्हता.

"एक," मी म्हटलं.

"कोण?"

"मी."

"तुम्ही तर तिथं उभेच असता, पप्पा. वाचता ना तुम्ही."

"नाही रे. जागेवर जाऊन बसलो होतो. मंग उठलो."

मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. त्याचा श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचा आवाज आला, लहानपणी पडल्यावर यायचा तसाच.

"बुधवारी सकाळी सातला आत नेणार आहेत," तो शेवटी म्हणाला. "दोन-तीन घंटे लागतील म्हणतात. भूपेंद्र बाहेर एकटाच बसणार आहे."

"त्याले सांग," मी म्हटलं, "शेजारची खुर्ची धरून ठेव म्हणावं."